कोपरा दबलेला डबा

आमच्या भाऊजींना लोक दोनच कारणांसाठी फोन करतात. कवळी सैल झाली म्हणून, नाहीतर सिनेमाची डिस्क कुठल्या दुकानातून मागवू म्हणून. दोन्ही वेळा ते समोरच्याला आधी पाच मिनिटं झापतात आणि मग जिवाचं रान करून मदत करतात. मी त्यांची मेहुणी. मला झापायची त्यांची टाप नाही, म्हणून हे सगळं मीच लिहिलेलं बरं.

भाऊजी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतात. डॉक्टरांकडून माप येतं, भाऊजी प्लॅस्टरचा साचा काढतात, मेणात एकेक दात बसवतात, मग घासतात, बघतात आणि पुन्हा घासतात. केसभर कमीजास्त झालं तरी हिरडीला ते कळतं, असं त्यांचं म्हणणं. नाकावर एक चष्मा, त्यावर भिंगाचा दुसरा, आणि कोपरापर्यंत पांढरी भुकटी. घरी आले तरी नजर तीच. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं असेल तर त्यांना जेवण जात नाही.

माझी ताई, म्हणजे त्यांची बायको, छापखान्यात प्रुफं तपासते. सात वर्षांपूर्वी ती एका मोठ्या तापातून उठली, पण तिचे कान गेले. यंत्र लावलं की भांडं पडल्याचं कळतं, माणसाचं बोलणं कळत नाही. मी त्यांच्याच वरच्या मजल्यावर राहते आणि शाळेत पीटी शिकवते. मैदानावर मला शिट्टी लागत नाही, एवढा माझा आवाज. तो आवाजही ताईपर्यंत पोचेना तेव्हा मी जिन्यात बसून रडले होते.

भाऊजींनी रडण्याऐवजी मिशी काढली. चांगली वीस वर्षांची, ओठ झाकणारी मिशी. त्या मिशीमुळे ताईला त्यांचे ओठ दिसत नव्हते आणि ते काय बोलतात ते वाचता येत नव्हतं. एका सकाळी न्हाणीघरातून कोणी भलताच माणूस बाहेर आला. ताईने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "हं. आता बोला काय बोलायचंय ते." भाऊजी म्हणाले, "चहा घेणार का?" ताईला ते नीट कळलं. त्या दिवशी दोघांनी चार वेळा चहा घेतला.

पण चार माणसांत बसायचं मात्र ताईने सोडलं. सिनेमा तर बंदच. आधी दोघं दर आठवड्याला जायची आणि परत येताना जिना चढेपर्यंत हसत असायची. मी एकदा तिच्या मागे लागले तेव्हा तिने मला स्पष्ट सांगितलं.

"ऐकू येत नाही त्याचं काही नाही गं. पण सगळे हसतात, मग मी विचारते काय झालं, मग कोणीतरी सांगतं, मग मी एकटी हसते. तोवर बाकीच्यांचं हसून झालेलं असतं. मला त्याचा कंटाळा आलाय."

हे मी भाऊजींना सांगितलं. ते नुसता चष्मा पुसत बसले.

पुढे एका दातांच्या डॉक्टरांनी घर बदललं आणि अडगळीतला डिस्क लावायचा प्लेअर भाऊजींना दिला. सोबत चार डिस्क होत्या. त्यातल्या एकीवर ऐकू न येणाऱ्यांसाठी खास सबटायटल्स होती. नुसतं बोलणं नाही, तर "दार करकरतं", "बाहेर कुत्रा भुंकतो" हेसुद्धा पडद्याखाली लिहिलेलं. ताई सबंध सिनेमा जागची हलली नाही. संपल्यावर म्हणाली, "त्या कुत्र्याचं पुढे काय झालं ते दाखवलंच नाही." भाऊजी एवढे खूश झाले की त्यांनी कुत्र्याची कैफियत मला आठवडाभर ऐकवली.

"मोबाइलवर असतात की सिनेमे," मी म्हटलं.

"आज असतात, उद्या गायब होतात. आणि खालच्या ओळी बोलण्याच्या मागून लंगडत येतात. डिस्क कशी, आपल्या कपाटात. कोणाच्या बापाची हिंमत नाही काढून घ्यायची."

अशी ती शोधाशोध सुरू झाली. आमच्या शहरातलं डिस्कचं शेवटचं दुकान बंद होऊन तिथे चपलांचं दुकान आलं होतं, त्यामुळे सगळा भरवसा ऑनलाइन दुकानांवर. आणि या दुकानांचं काही खरं नसतं. कुठे लिहितात सबटायटल्स आहेत, आणि येते ती ओळींशिवायची डिस्क. कुठे डिस्क चांगली, पण ती भलत्याच देशातल्या प्लेअरसाठी. आपल्याकडे लावली की पडदा काळा. कुठे फोटो एका आवृत्तीचा आणि माल दुसऱ्याच आवृत्तीचा. पहिल्या सहा महिन्यांत भाऊजींना इतक्या जणांनी गंडवलं की दुसरा कोणी असता तर त्याने नाद सोडला असता. भाऊजींनी लॅबमधली एक लांबट वही आणली आणि रकाने आखले.

पद्धत अशी. नवीन दुकान दिसलं की तिथून आधी एक साधी, कोणाला नको असलेली डिस्क मागवायची. ती कशी येते ते बघायचं. मग दुकानाला मुद्दाम एक किचकट प्रश्न लिहून पाठवायचा आणि उत्तर किती दिवसांत येतं, खरं येतं का थातूरमातूर, ते टिपायचं. या परीक्षेत पास झाल्याशिवाय त्या दुकानातून मनातली डिस्क मागवायची नाही. दुकानांची खरी नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून वहीत टोपणनावं. डिस्क नुसत्या कागदी पाकिटात घालून पाठवणारे ते पाकिटवाले. लगेच उत्तर देऊन काहीच न करणारे ते गोडबोले. एक दुकान एकटे म्हातारे गृहस्थ चालवायचे. ते प्रत्येक डिस्कबरोबर तो सिनेमा आपल्याला का आवडला नाही याचं दोन पानी पत्र पाठवत. त्यांना पत्रासाठी भाऊजींनी पैकीच्या पैकी गुण दिले होते. आणि सगळ्यांत वरचे ते उशीवाले, कारण त्यांचं पार्सल उघडताना उशी फाडल्यासारखं वाटे.

डिस्क जमवणाऱ्यांचा एक ऑनलाइन कट्टा आहे. तिथे भाऊजींनी वहीतली माहिती टाकायला सुरुवात केली आणि बघता बघता ते तिथलं मोठं प्रस्थ झाले. "कवळीवाले काय म्हणतात?" असं विचारल्याशिवाय लोक खिशात हात घालेनात. चारशे माणसं. त्यांतल्या एकालाही भाऊजी कधी भेटलेले नाहीत, पण कोणाच्या प्लेअरला काय दुखणं आहे ते सगळं त्यांना तोंडपाठ.

इथवर सगळं ठीक होतं. पण ओळींसाठी सुरू झालेला शोध डब्यांवर कधी घसरला ते आम्हाला कळलं नाही. संग्राहकांसाठी काढलेल्या डिस्क पत्र्याच्या नक्षीदार डब्यात येतात, वर जाड पुठ्ठ्याची पट्टी, आत चित्रांची पुस्तिका, आणि सगळ्यावर पातळ पारदर्शक प्लॅस्टिकचं वेष्टण. भाऊजी त्या डब्याचे कोपरे कवळी तपासायच्या भिंगाखाली बघू लागले. कोपरा दबलेला दिसला की डबा परत. यात दयामाया नाही. वेष्टण फाडलं तर दुकान माल परत घेत नाही, म्हणून आधी तपासणी, मग सिनेमा. पुढे तर एकच सिनेमा दोनदा यायला लागला.

"हा दुसरा कोणासाठी?" ताईने विचारलं.

"ठेवायला."

"ठेवून काय करायचं?"

"ठेवायचा," भाऊजी म्हणाले. ताईने माझ्याकडे बघितलं आणि मी छताकडे बघितलं.

मग यंदा ती बातमी आली. या दोघांच्या लग्नाच्या वर्षी एक विनोदी सिनेमा लागला होता. एक कारकून आठवडाभर स्वतःच स्वतःचा साहेब असल्याची बतावणी करतो आणि शेवटी स्वतःलाच नोकरीवरून काढायची वेळ त्याच्यावर येते, असा काहीतरी वेडपट. दोघांनी तो पाच वेळा बघितला होता. सगळी मजा बोलण्यात, म्हणून कान गेल्यावर ताईने त्याचं नावही काढलं नव्हतं. तो सिनेमा आता पहिल्यांदा सबटायटल्ससकट डिस्कवर येणार होता. एका छोट्या कंपनीने पाचशेच प्रती काढल्या होत्या. पुन्हा काढणार नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं होतं.

भाऊजींनी उशीवाल्यांकडे मागणी नोंदवली. त्यांच्याकडे एका गिऱ्हाइकाला एकच प्रत. त्यांनी ते ताईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "रविवारी दुपारी तू खाली ये. आपण तिघं बघू. मला बघायचंय, मी तुमच्याबरोबर हसते का तुमच्या मागून." ती हे हसत म्हणाली.

पार्सल गुरुवारी आलं. मी शाळेतून परतत होते तर जिन्यात भाऊजी भेटले, कुरिअरच्या ऑफिसातून येत होते. चेहरा एकदम प्रसन्न.

"आला का सिनेमा?" मी विचारलं.

"आला आणि गेला. खालचा डावा कोपरा दबला होता. हे एवढं." त्यांनी नखाचं टोक दाखवलं. "उशीवाल्यांकडून ही अपेक्षा नव्हती. सणसणीत पत्र लिहिलंय. दुसरा पाठवतील."

"भाऊजी, पाचशेच होते ना?"

त्यांचा पाय पायरीवर तसाच राहिला. खरं सांगते, त्या क्षणापर्यंत त्यांच्या डोक्यात ते आलंच नव्हतं. हाताने सवयीने काम केलं होतं. कवळीचा एक दात तिरका दिसला की उपटायचा, तसा तो डबा त्यांनी बांधून पाठवून दिला होता. संध्याकाळी उशीवाल्यांचं उत्तर आलं. अतिशय नम्र. झाल्या त्रासाबद्दल क्षमस्व, शिल्लक प्रत नाही, पैसे परत करत आहोत.

ताई छापखान्यातून आली तेव्हा मी तिथेच होते. भाऊजी तिच्यासमोर उभे राहिले आणि ओठ नीट दिसतील असं, सावकाश, सगळं सांगितलं. ताईने ते पूर्ण होऊ दिलं.

"चालत होता का सिनेमा?"

"लावून बघितला नाही."

"तुम्हाला डबा बघायचा होता का सिनेमा?" ताईने विचारलं आणि ती कपडे वाळत घालायला गेली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. भाऊजींचा चेहरा असा झाला की मला दोन शब्द सुनावायचे होते ते मी गिळून टाकले.

शुक्रवारी आणि शनिवारी भाऊजींनी वहीतलं एकूण एक दुकान पालथं घातलं. म्हाताऱ्या गृहस्थांचं उत्तर लगेच आलं; त्यांच्याकडे नव्हता, आणि सिनेमा त्यांना आवडलाही नव्हता. दोन दुकानांनी उसना फोटो लावून आपल्याकडे प्रत असल्याचं छापलं होतं. अशांची सोंगं भाऊजी दुरूनच ओळखतात, तरी त्यातल्या एकाला पैसे पाठवायला निघाले होते. मी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला. रविवार आला. मी खाली गेलेच नाही. ताईने दुपारभर कपाट आवरलं.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी उशीवाल्यांना फोन लावला. भाऊजी सगळा व्यवहार लिहून करतात. फोन करायचा असतो हे त्यांच्या गावीच नाही. मी मैदानावरचा आवाज लावला आणि चार ठिकाणी फिरून अखेर परत आलेल्या मालाच्या खोलीतल्या एका बाईंपर्यंत पोचले.

"हो, आलाय तो डबा," त्या म्हणाल्या. "माझ्या समोरच आहे. काय झालंय त्याला? मला तर कोपरा सापडतच नाहीये."

"तो परत द्या ना आम्हाला."

"तसा नाही देता येत. परत आलेला माल 'दबका माल' म्हणून साइटवर चढतो. उद्या सकाळी दहाला चढेल. आधी जो घेईल त्याचा."

दबक्या मालाच्या त्या पानाबद्दल भाऊजींनी वहीत एकच शेरा मारला होता, इकडे फिरकू नये. पण खरी पंचाईत दुसरीच होती. उशीवाले सगळ्यांत चांगले, हे चारशे माणसांना यांनीच पटवून दिलं होतं. ती सगळी त्या सिनेमासाठी टपलेली. त्यांतली निम्मी सकाळी दहाला त्याच दुकानावर नजर ठेवून बसणार.

"कट्ट्यावर सांगा ना, घेऊ नका म्हणून," मी संध्याकाळी भाऊजींना म्हटलं.

"काय सांगू? नखाएवढ्या कोपऱ्यासाठी मी तो परत केला, हे?"

"हेच."

भाऊजींनी दोन तास लिहिलं आणि खोडलं. कवळी सैल झाली की लोक चारचौघांत तोंड उघडत नाहीत. यांचीही अवस्था काहीशी तशीच. शेवटी जे टाकलं ते मी वाचलं आहे.

"उद्या दहाला उशीवाल्यांकडे एक दबका डबा येईल. तो मीच परत केलेला आहे. डब्यात काही खोट नाही, खोट माझ्यात आहे. माझ्या बायकोला ऐकू येत नाही आणि या सिनेमाची ती सात वर्षं वाट बघते आहे, हे मी कोपरा बघताना विसरलो. शक्य असेल तर कोणी घेऊ नये, ही विनंती. घेतला तर तुमचा हक्क आहे."

त्यावर कोणीच काही लिहिलं नाही. एरवी भाऊजींनी शिंक दिली तरी तिथे तीस उत्तरं येतात. भाऊजी म्हणाले, "संपलं. आता हसत असतील."

मंगळवारी मी शाळेला दांडी मारून लॅबमध्ये गेले. भाऊजींचे हात प्लॅस्टरने भरलेले, त्यामुळे फोन माझ्याकडे. दहा वाजले तरी पान उघडेना. दहा वाजून दोन मिनिटं, नुसतं गोल गोल फिरतंय. बाजूच्या टेबलावर कवळ्यांची रांग आ वासून आमच्याकडे बघत होती. चौथ्या मिनिटाला पान उघडलं. डबा तिथेच होता. शेजारी दुकानाने आकडा दिला होता, हे पान आत्ता दोनशे सोळा जण बघत आहेत.

"कोणी घेत कसं नाहीये?" भाऊजी पुटपुटले.

"तुमची वाट बघतायत," मी म्हटलं आणि बटण दाबलं. डबा आमचा झाला. मग कट्ट्यावर पहिलं उत्तर आलं, "मिळाला का हो?" आणि त्याच्या मागोमाग शंभरेक. भाऊजींनी बाहीने डोळे पुसले आणि डोळ्यांत प्लॅस्टर गेलं. मग त्यांना नळाखाली उभं करावं लागलं.

या वेळी पार्सल शनिवारी आलं. तीन प्रवास करून आलेल्या डब्याचा आणखी एक कोपरा गेला होता, आणि हा चांगला दिसण्यासारखा. भाऊजींनी भिंग काढलं नाही. डबा सरळ ताईच्या हातात दिला. ताईने वेष्टण दातांनी फाडलं. भाऊजींनी तेवढा वेळ डोळे मिटून घेतले होते, ते मी बघितलं.

रविवारी दुपारी आम्ही तिघं बसलो. मी खुर्चीत, ती दोघं पलंगावर. कारकून साहेबाच्या खोलीत शिरला, त्याने स्वतःलाच सलाम ठोकला, टेलिफोन उचलला, आणि ताई फसकन हसली. पडद्यावर त्याने अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"काय झालं?" भाऊजींनी विचारलं.

"थांबा, बोलेल आता," ताई म्हणाली. तो बोलला आणि मग भाऊजी हसले.

हे पुन्हा झालं, आणि मग प्रत्येक वेळी होऊ लागलं. पूर्ण वाक्य खाली एकदम उमटायचं, आणि ताई आयुष्यभर प्रुफं वाचत आलेली; नट अर्ध्यावर असायचा तोवर तिचं वाचून हसून व्हायचं. भाऊजी दरवेळी मागे. तिसऱ्यांदा त्यांनी "काय झालं?" विचारलं तेव्हा ताईने त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "किती मागे राहता हो तुम्ही."

भाऊजींनी रिमोट घेतला आणि आवाज बंद केला. पूर्ण बंद. मग ते पुढे सरकून खालच्या ओळी वाचू लागले.

आता खोलीत सिनेमाचा आवाजच नव्हता. फक्त ती दोघं एकाच क्षणी हसत होती, पुन्हा पुन्हा, जिना चढताना हसायची तशी. मी चष्मा वर माझ्या घरी विसरून आले होते. एक अक्षर वाचता येईना. मी ताईचा दंड हलवला, मग भाऊजींचा. "काय झालं? अहो, काय झालं?" मी विचारत होते, सिनेमा संपेपर्यंत विचारत होते. दोघांपैकी एकानेही मला सांगितलं नाही.